कॅब सिम्युलेटर पेडल आणि घरचं रेकॉर्डिंग: आधी कॅबिनेट ठरवा, मग बाकीची बटणं फिरवा

डिस्टॉर्शन पेडलची केबल सरळ ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज संगणकात नेणारा डबा) खोचायची, हेडफोन चढवायचे आणि एक पॉवर कॉर्ड वाजवायची. जे ऐकू येतं त्याला गिटार म्हणवत नाही. मोहोळ उठल्यासारखी नुसती भणभण, खाली पोकळ आणि वर कानाला टोचणारी. अशा वेळी बहुतेक जण पेडलला नावं ठेवतात, मग इंटरफेसला, मग स्वतःच्या हातांना. खरं तर यात कुणाचाच दोष नसतो. मधला स्पीकर गायब झालेला असतो, एवढंच.

गिटारचा १२ इंची स्पीकर हा घरातल्या म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरसारखा प्रामाणिक नसतो. त्याला ट्वीटर नसतो, आणि साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर त्याचा आवाज कड्यावरून पडावा तसा खाली येतो. सेलेस्टियन कंपनी आपल्या व्हिंटेज ३० या स्पीकरचा पल्लाच मुळी ७० ते ५००० हर्ट्झ असा देते. त्यातही २ ते ४ किलोहर्ट्झच्या भागात एक उंचवटा असतो, त्यामुळे गिटार ड्रम्सच्या गदारोळातूनही पुढे येते. आता गिटारकडे बघा. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर ८२ हर्ट्झ, आणि सर्वांत बारीक तार २४व्या फ्रेटवर दाबली तर साधारण १३१९ हर्ट्झ. त्याच्या वरचं सगळं म्हणजे हार्मोनिक्स, मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर. डिस्टॉर्शन ही हार्मोनिक्स ढिगाने तयार करतं, आणि त्यातली नकोशी वरची भुकटी स्पीकर गिळून टाकतो. तो नसला की ती जशीच्या तशी रेकॉर्ड होते.

कॅब सिम्युलेटर पेडल, म्हणजे कॅबिनेटची (स्पीकर आणि त्याची लाकडी पेटी) नक्कल करणारं पेडल, ही जागा भरून काढतं. पण ते विकत घेऊन साखळीच्या शेवटी लावलं की काम संपलं, असं समजणाऱ्यांची लवकरच निराशा होते. माझं मत ठाम आहे: घरच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटारच्या आवाजाचा सगळ्यात मोठा निर्णय कॅबिनेटचा असतो. अॅम्पचं ट्रेबल, बेस, पेडलवरचा टोन हे सगळं त्यानंतर. लोक नेमकं उलटं करतात. आधी तासभर टोनची बटणं फिरवतात आणि शेवटी कॅबिनेट बदलून बघतात, की आधीची सगळी मेहनत पाण्यात.

हातात नेमकं काय आहे ते आधी ओळखा

बाजारात एकसारख्या दिसणाऱ्या डब्यांमध्ये तीन वेगळ्या जाती असतात.

पहिली, फक्त कॅबिनेटचं काम करणारी. यात अॅम्प नसतो. गिटार थेट लावली तर आवाज मिळमिळीत येणार, कारण आधी प्रीअॅम्प (अॅम्पचा आवाज घडवणारा पहिला टप्पा) किंवा ड्राइव्ह पेडल हवंच. दुसरी, अॅम्प आणि कॅबिनेट दोन्ही एकत्र असलेली, उदाहरणार्थ स्ट्रायमन इरिडियम किंवा बॉस आयआर-२. यांच्यात गिटार सरळ लावता येते. तिसरी, लोड बॉक्ससह (स्पीकरऐवजी अॅम्पची शक्ती झेलणारा डबा) येणारी, उदाहरणार्थ टू नोट्स कॅप्टर एक्स. ही खऱ्या ट्यूब अॅम्पच्या स्पीकर आउटपुटला जोडण्यासाठी असते.

आतल्या तंत्राचेही दोन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीचे पेडल अॅनालॉग फिल्टरने स्पीकरच्या वळणाची नक्कल करतात. त्यांत निवडीला वाव कमी, पण वापरायला सोपे आणि विलंब शून्य. हल्लीचे बहुतेक पेडल इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे आयआर, वापरतात. खऱ्या कॅबिनेटमधून ठरावीक चाचणीचा आवाज सोडतात, तो माइकने टिपतात आणि त्यातून गणिताने त्या स्पीकरचा ठसा काढतात. हा ठसा एकट्या स्पीकरचा नसतो. त्यात लाकडी पेटी, माइक, माइकची जागा, माइकचा प्रीअॅम्प असं सगळं उतरलेलं असतं. म्हणूनच एकाच कॅबिनेटचे पन्नास आयआर पन्नास तऱ्हेने वाजतात.

आयआरमध्ये काय येत नाही हेही माहीत असावं. स्पीकर जोरात वाजवल्यावर जो थोडासा फाटतो, दबतो, ते यात येत नाही. आयआर हळू वाजवा की जोरात, सारखाच वागतो. तो मऊपणा हवा असेल तर तो अॅम्प किंवा ड्राइव्हकडूनच मिळवावा लागतो.

ट्यूब अॅम्प असेल तर हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

ट्यूब अॅम्पला स्पीकर किंवा तेवढ्याच ओहमचा लोड जोडल्याशिवाय तो वाजवायचा नाही. लोड नसला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि ट्यूब जळू शकतात, आणि ही दुरुस्ती खिशाला जड जाते. अॅम्पच्या स्पीकर आउटपुटमधली केबल साध्या कॅब पेडलमध्ये किंवा इंटरफेसमध्ये कधीही लावू नका. तिथे येणारी शक्ती स्पीकर हलवण्यासाठी असते, पुढच्या यंत्राचं इनपुट ती सहन करणार नाही. काही पेडलना स्पीकरच्या पातळीचं इनपुट आणि पुढे जाणारं थ्रू आउटपुट असतं. तिथेही थ्रूला खरा स्पीकर किंवा लोड बॉक्स जोडावाच लागतो, पेडल स्वतः लोडचं काम करत नाही. मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच वेगळा विचार करा.

लोड बॉक्स नाही, पण अॅम्पचा प्रीअॅम्प वापरायचा आहे? मग एफएक्स लूपच्या (प्रीअॅम्प आणि पॉवर अॅम्पच्या मधे इफेक्ट जोडायची जागा) सेंडमधून, म्हणजे बाहेर जाणाऱ्या सॉकेटमधून, केबल काढून कॅब पेडलमध्ये द्या. स्पीकर जागेवर जोडलेलाच राहू द्या आणि मास्टर व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. काही अॅम्पमध्ये लूप मास्टरच्या नंतर असतो. तसं असेल तर मास्टर शून्यावर नेला की सेंडमधलाही आवाज जाईल, त्यावरूनच ते ओळखता येतं.

जोडणी

क्रम असा: गिटार, ट्यूनर, वाह, ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन, प्रीअॅम्प, मग कोरससारखे इफेक्ट, कॅब सिम्युलेटर, आणि शेवटी इंटरफेस. डिले आणि रिव्हर्ब कुठे लावायचे यावर वाद घालणारे खूप भेटतात. कॅबिनेटचा आयआर आणि साधा डिले या दोन्ही रेषीय क्रिया आहेत, म्हणजे आवाज हळू असो की जोरात, त्या सारख्याच वागतात, त्यामुळे मोनोमध्ये त्यांचा क्रम उलटला तरी निकाल जवळपास तोच येतो. फरक पडतो तो स्टिरिओमुळे. कॅब पेडल मोनो असेल तर स्टिरिओ रिव्हर्ब त्याच्या नंतरच लावा, नाहीतर रुंदी मरेल. मी तर घरच्या रेकॉर्डिंगमध्ये डिले-रिव्हर्ब संगणकातच लावतो. एकदा रेकॉर्ड झालेला रिव्हर्ब काढता येत नाही. डिस्टॉर्शनबाबत मात्र तडजोड नाही, ते कॅबच्या आधीच हवं. नंतर लावलं तर जी भणभण स्पीकरने गिळायची, ती पुन्हा तयार होते.

पेडलचं आउटपुट इंटरफेसच्या लाइन इनपुटला द्या. गिटारसाठी असलेलं इन्स्ट्रुमेंट बटण बंद ठेवा, कारण पेडलचा सिग्नल आता गिटारसारखा नाजूक राहिलेला नसतो. पेडलला बॅलन्स्ड आउटपुट असेल तर टीआरएस केबल वापरा. एक्सएलआर आउटपुट असेल तर एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. बऱ्याच इंटरफेसच्या एकत्रित सॉकेटमध्ये एक्सएलआरची पिन सरळ माइक प्रीअॅम्पकडे जाते, तर मोठा जॅक लाइनकडे. म्हणून एक्सएलआर लावताना गेन पूर्ण खाली, पॅड (पातळी कमी करणारं बटण) असेल तर चालू, आणि माइकसाठी दिली जाणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर बंद. पेडल ती सहन करेलच याचा भरवसा नसतो.

वीजपुरवठ्याकडे दुर्लक्ष करू नका. बहुतेक पेडल ९ व्होल्ट डीसी, मधली पिन ऋण, अशीच असतात, पण डिजिटल कॅब पेडल साध्या ओव्हरड्राइव्हच्या कितीतरी पट करंट खातात. पेडलवर लिहिलेले मिलिअँपिअर आणि अॅडॅप्टरवर लिहिलेले मिलिअँपिअर ताडून बघा. एकाच अॅडॅप्टरवरून साखळीने पाच पेडल चालवलेत तर मागे बारीक शिट्टी ऐकू येईल. डिजिटल पेडलला वेगळी, आयसोलेटेड लाइन द्या.

गुणगुण येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर हा ग्राउंड लूप आहे, आणि पेडलवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण बहुतेक वेळा इलाज करतं. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा ‘उपाय’ कुणी सुचवला तर त्याला हात जोडा.

पातळी

दोन ठिकाणी आवाज फाटू शकतो: पेडलच्या इनपुटला आणि इंटरफेसच्या इनपुटला. तुमच्याकडचा सगळ्यात मोठा आवाज लावा, म्हणजे बूस्ट चालू, सगळ्या तारा मोकळ्या, हात जोरात. पेडलचा क्लिप दिवा लागत असेल तर आधीच्या पेडलचं व्हॉल्यूम खाली आणा. मग पेडलचं आउटपुट आणि इंटरफेसचा गेन असा जुळवा की सॉफ्टवेअरमध्ये शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान येतील. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना मीटर लाल रेषेपर्यंत ताणण्याची काहीच गरज नसते.

कॅबिनेट निवडणं: इथे वेळ घालवा

वाजवत वाजवत आयआर बदलू नका. प्रत्येक वेळी हात थोडा वेगळा पडतो आणि कान त्यालाच फरक समजतात. लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारं पेडल) असेल तर तो ड्राइव्हच्या नंतर आणि कॅबच्या आधी लावा, एक तुकडा रेकॉर्ड करा आणि तो फिरत राहू द्या. आता दोन्ही हात मोकळे. तुकड्यात चार गोष्टी असू द्या: खालच्या तारेवर पाम म्यूट (तळहाताने तार हलकी दाबून वाजवणं), एक भरगच्च मोकळी कॉर्ड, वरच्या फ्रेटवरचा एक लांब सूर, आणि गिटारचं व्हॉल्यूम अर्धं करून वाजवलेलं काही. पाम म्यूटमध्ये खालचा भाग घट्ट आहे की ढबढबतोय ते कळतं, आणि लांब सुरात टोचरेपणा पकडला जातो.

मग आवाजाची पातळी समान करा. वेगवेगळ्या आयआरची जोराची पातळी खूप वेगळी असते, आणि जो मोठा वाजतो तो कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो. एक डेसिबलच्या फरकानेही निवड चुकते. प्रत्येक आयआर लावला की आउटपुट जुळवा, मगच मत बनवा. हे कंटाळवाणं आहे, पण बाकी सगळ्या युक्त्यांपेक्षा जास्त उपयोगाचं.

फाइलच्या लांबलचक नावांना घाबरू नका. त्यात स्पीकर, माइक आणि जागा एवढंच लिहिलेलं असतं. व्हिंटेज ३० म्हणजे पुढे येणारा, ठसठशीत मध्य, जड रिफसाठी. ग्रीनबॅक, म्हणजे २५ वॅटचा जी१२एम, थोडा मऊ आणि खरखरीत, जुन्या रॉकसाठी. मागून बंद असलेलं चार स्पीकरचं कॅबिनेट खाली घट्ट असतं. मागून उघडं असलेलं एक किंवा दोन स्पीकरचं मोकळं आणि हवेशीर, स्वच्छ आवाजाला शोभणारं. माइकमध्ये ५७ म्हणजे १९६५पासून चालत आलेला शुअर एसएम५७, मध्य पुढे ढकलणारा. १२१ म्हणजे रॉयरचा रिबन माइक, वरचा भाग मवाळ आणि खालचा जाड.

सगळ्यात मोठा फरक पाडते ती माइकची जागा. स्पीकरच्या मध्यावर धूळ अडवणारी गोल टोपी असते. माइक अगदी टोपीच्या मध्यावर धरला तर आवाज लखलखीत, कधीकधी चिरणारा. टोपी जिथे कोनला चिकटते त्या कडेवर तोल साधलेला असतो. तिथून बाहेर कोनकडे सरकत गेलं की आवाज गडद आणि गोल होत जातो. ही दोन-तीन सेंटीमीटरची सरकासरक अॅम्पवरचा ट्रेबल शून्यावरून दहावर नेण्यापेक्षा जास्त बदल घडवू शकते. म्हणून शेकडो फाइल चाळत बसू नका. एक स्पीकर ठरवा, एसएम५७चा टोपीच्या कडेचा आयआर घ्या, आणि तिथून फक्त आत किंवा बाहेर सरका. टोचतंय तर बाहेर. दबतंय तर आत.

आणि हे सगळं बेस आणि ड्रम्स चालू ठेवूनच करा. एकटी ऐकताना जी गिटार भारदस्त वाटते ती बँडमध्ये बेसच्या अंगावर जाऊन बसते. उलट एकटी ऐकताना जरा किरटी वाटणारी बरोबर आपल्या जागी बसते.

काही पेडलमध्ये दोन आयआर एकत्र करता येतात. ५७ आणि १२१ची जोडी नावाजलेली आहे, पण इथे एक खड्डा आहे. दोन माइकांच्या अंतरात १० सेंटीमीटरचा फरक असेल तर आवाज एकाकडे सुमारे ०.२९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि १.७ किलोहर्ट्झच्या आसपास दोघे एकमेकांना खोडून काढतात. हा गिटारच्या ऐन मध्याचा भाग. त्यामुळे एकाच संचातले, आधीच जुळवलेले आयआर वापरा. तपासायला एका आयआरची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून बघा. उलटी केल्यावर आवाज पोकळ झाला तर मूळची जोडणी ठीक होती. उलटी केल्यावर भरला तर उलटीच ठेवा.

आता बाकीची बटणं

कॅबिनेट ठरलं की मग अॅम्पचा किंवा प्रीअॅम्पचा टोन. लो कट (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर; हाय कट वरचे कापतो) ८० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान ठेवा, तिथलं राज्य बेस आणि किक ड्रमचं. हाय कट ८ किलोहर्ट्झपासून सुरू करा. तरीही वर फसफस राहिली तर हाय कट आणखी खाली ओढण्याआधी गेन कमी करून बघा. खोलीत वाजवताना जेवढा गेन लागतो त्यापेक्षा रेकॉर्डिंगला बराच कमी पुरतो, विशेषतः तोच भाग दोनदा वाजवून डावी-उजवीकडे ठेवणार असाल तर. डबल करताना कॉपी-पेस्ट नको, खरोखर दोनदा वाजवा. दुसऱ्या वेळी वेगळा आयआर लावला तर रुंदी आणखी वाढते.

पॉवर अॅम्प नसलेलं प्रीअॅम्प पेडल कॅबमध्ये दिलं की आवाज थोडा सपाट वाटतो. खऱ्या ट्यूब अॅम्पमध्ये स्पीकरचा इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) १०० हर्ट्झच्या आसपास आणि वरच्या भागात वाढतो, त्यामुळे तिथे आवाज आपोआप फुगतो. पेडलमध्ये पॉवर अॅम्पचा पर्याय असेल तर चालू करा, नाहीतर त्या दोन ठिकाणी इक्वलायझरने किंचित उचला.

एवढं करूनही कुणी म्हणेल, ‘अॅम्प समोर असल्यासारखं वाटत नाही.’ वाटणार नाहीच. तुम्ही ऐकताय ते स्पीकरला चिकटवलेल्या माइकने ऐकलेलं, खोलीने नाही. रेकॉर्डवर ऐकलेल्या बहुतेक गिटार अशाच असतात. वाजवताना अंगात यावं म्हणून हेडफोनमध्ये थोडा रूम रिव्हर्ब द्या, फक्त तो रेकॉर्ड होऊ देऊ नका.

आवाजाच्या पातळीचाही कानांवर परिणाम होतो. हळू ऐकताना कान खालचे आणि अगदी वरचे सूर कमी पकडतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच ही वळणं मोजून मांडली. रात्री हळू आवाजात ठरवलेला टोन सकाळी मोठ्याने ऐकला की ढबढबीत निघतो, तो यामुळेच. शेवटचा निर्णय बोलण्याच्या आवाजापेक्षा थोड्या वरच्या पातळीवर घ्या.

रेकॉर्ड करताना

सॉफ्टवेअरमधला अॅम्प प्लगइन किंवा कॅब प्लगइन त्या ट्रॅकवर बंद आहे ना, बघा. दोन कॅबिनेट एकामागे एक लागली की आवाज रजईखालून आल्यासारखा येतो, आणि ‘पेडल खराब आहे’ या तक्रारींत हे कारण हमखास सापडतं.

इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग वापरा. प्लगइनपेक्षा पेडलचा खरा फायदा इथेच आहे. पूर्ण तयार आवाज संगणकात जाण्याआधीच कानात येतो. प्लगइनमधून वाजवताना ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढा आवाजाचा तुकडा) एका दिशेलाच २.७ मिलिसेकंद घेतो, परतीचे आणि कन्व्हर्टरचे वेगळे. ज्यांचा संगणक दमदार आहे आणि ज्यांना हा विलंब जाणवत नाही, त्यांना पेडलची खरंच गरज नाही.

जमलं तर कोरा गिटार सिग्नलही सोबत रेकॉर्ड करा. गिटारनंतर लगेच बफर असलेला स्प्लिटर लावा. एक फाटा इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला, दुसरा नेहमीच्या साखळीला. पेडलला यूएसबी ऑडिओ असेल तर काही मॉडेल दोन्ही ट्रॅक एकाच केबलने देतात. पुढे कॅबिनेट आवडलं नाही तर कोरा ट्रॅक रीअॅम्प बॉक्समधून (रेकॉर्ड केलेला सिग्नल परत गिटारच्या पातळीवर आणणारा डबा) पुन्हा साखळीत सोडता येतो. दोन्ही ट्रॅक एकत्र मिसळून वाजवायचे असतील तर आधी लाटा झूम करून जुळवा. डिजिटल पेडलला स्वतःचा थोडा विलंब असतो आणि न जुळवलेली भेसळ नाकातून बोलल्यासारखी वाजते.

ट्रॅकला ‘गिटार १’ असं नाव देऊन मोकळे होऊ नका. स्पीकर, माइक, जागा, लो कट, हाय कट आणि प्रीसेटचा नंबर ट्रॅकच्या नोंदीत लिहा, आणि वापरलेली आयआर फाइल त्या गाण्याच्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा. महिन्याभराने एक ओळ पुन्हा वाजवायची वेळ येते, तोवर पेडलमधला तो प्रीसेट दुसऱ्या कशाने तरी पुसला गेलेला असतो.